रक्त घेतल्याची वेळ : सकाळी नऊ

कोल्हापुरात परक्या पुरुषाचा दंड धरून "मूठ घट्ट आवळा" असं सांगायचा परवाना फार थोड्या बायकांना मिळतो. मला तो डिप्लोमासकट मिळाला होता. सव्वीस वर्षं मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढलं. माझं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. गल्लीत मी 'रगात काढणाऱ्या बाई' होते, आणि अजूनही मंडईत कुणीतरी ओळखतं ते त्याच नावानं. नव्वद किलोचे गडी माझ्यासमोर खुर्चीत बसले, की सुई दिसू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत आणि बारीक आवाजात विचारत, "झालं का ओ?" तेव्हा सुई अजून टोचलेलीही नसायची.

निवृत्तीनंतर सगळे म्हणाले, गमतीजमती लिही. गमती पुष्कळ आहेत. पण मला लिहायचंय एका तपासणीबद्दल. तिचं नाव टेस्टोस्टेरॉन. आमच्याकडे येणारे तिला 'मर्दानगीचं रगात' म्हणत आणि तेही आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून. साखरेचं रक्त माणूस चारचौघांत हसत देतो. हे रक्त द्यायला आलेला माणूस मात्र चोरी करायला आल्यासारखा जिना चढायचा.

हे रसायन साधं नाही. आईच्या पोटात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच ते कामाला लागतं आणि मुलग्याचा मुलगा घडवतं. जन्मानंतर काही महिने पुन्हा एकदा उसळी मारतं. का, ते मी आमच्या डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि विषय बदलला. मग दहा-बारा वर्षं ते निवांत झोप काढतं. एके दिवशी पोराचा आवाज फुटतो, ओठावर लव येते, आणि घरातल्यांना कळतं की आता हा उलट उत्तरं देणार. विशी-तिशीत ते भरात असतं. पुढे दरवर्षी थोडं थोडं उतरतं, इतकं सावकाश की बहुतेकांना पत्ता लागत नाही, बायकोला लागतो. हाडं, स्नायू, रक्त, झोप, मनाची उमेद, सगळ्यांत त्याचा हात असतो. बायकांच्या अंगातही ते असतं, थोडंसं. हे मी एकदा एका पैलवानाला सांगितलं तर त्याला माझा इतका राग आला की तो पैसे न देताच निघून गेला.

शिवाय रोजचा एक चढउतार असतो. सकाळी ते भरपूर असतं, दिवस कलला की उतरतं, आणि तरण्या माणसात हा फरक जास्त. म्हणून हे रक्त सकाळी आठ ते दहाच्या दरम्यानच घ्यायचं. एकदा कमी आलं तर दुसऱ्या दिवशी, पुन्हा सकाळीच, घेऊन खात्री करायची. हा नियम मला पाठ होता. तो मी रोज मोडत होते.

त्याचं असं झालं. आमची लॅब पहिल्या मजल्यावर, बाहेरच्या खोलीत दोन बाकडी. सकाळी तिथं उपाशीपोटीचे सगळे बसलेले. उचगावचा माणूस आला की त्याच्या शेजारी उचगावचाच दुसरा बसलेला असायचा. तो लगेच विचारायचा, "काय रं, तू हितं कसा? काय झालंय?" आणि उत्तर मिळेपर्यंत सोडायचा नाही. अशा खोलीत मूल होत नाही म्हणून आलेला पुरुष किती वेळ टिकणार? चिठ्ठी खिशात घालून, पाणी पिऊन येतो म्हणून खाली उतरायचा, तो कायमचा.

एकदा संध्याकाळी सहा वाजता मी कुलूप लावत होते तर जिन्यात एक गृहस्थ उभे. सकाळी दोनदा येऊन परत गेले होते. म्हणाले, "बाई, आता कोण न्हाय न्हवं? मग घ्या की." मला दया आली. दार उघडलं, रक्त घेतलं. महिन्याभरात ही बातमी कशी पसरली देवाला ठाऊक, पण सहानंतर जिन्यात कुणी ना कुणी उभं राहू लागलं. आमचा झाडूपोछा करणारा बाळू त्यांना 'सहानंतरची पावणं' म्हणायचा. डॉक्टर साडेपाचला घरी जात. त्यांना हे कळलं होतं की नाही मला माहीत नाही. अळीमिळी गुपचिळी चालली होती.

त्या काळात ही तपासणी कोल्हापुरात होत नव्हती. रक्त यंत्रात फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं काढायचं, थर्मासात बर्फ भरून त्यात ती बाटली ठेवायची आणि मुंबईच्या बसच्या क्लीनरच्या हाती द्यायची. बस साडेसातला सुटायची. सहाचं रक्त तिला बरोबर सापडायचं, त्यामुळे मला ही सोय उलट फारच आवडली होती. थर्माससोबत एक फॉर्म जायचा. त्यात एक रकाना होता, 'रक्त घेतल्याची वेळ'. पहिल्या गृहस्थांच्या फॉर्मवर मी खरं तेच लिहिलं, सायंकाळी सहा. दोन दिवसांनी मुंबईच्या लॅबमधून फोन आला, की संध्याकाळचं चालणार नाही, सकाळचं पाठवा. त्या गृहस्थांनी दिलेला फोन नंबर एका पिठाच्या गिरणीचा निघाला. गिरणीवाला म्हणाला, असा कुणी माणूस हितं न्हाय. ते बिचारे पुन्हा आले तेव्हा मला त्यांना सांगायला तोंड नव्हतं. मी पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा सहा वाजताच, आणि रकान्यात लिहिलं, सकाळी नऊ.

रिपोर्ट बिनबोभाट आला. तेव्हापासून कोल्हापुरातल्या यच्चयावत लाजऱ्या पुरुषांचं रक्त सकाळी नऊच्या ठोक्याला निघू लागलं. एवढ्या-तेवढ्यानं काय होतंय, असं मी मनाशी म्हणायचे. लोकांची अडचण मी ओळखली, पुस्तकातल्या नियमापेक्षा माणूस ओळखला, याचा मला चक्क अभिमान वाटायचा.

मग गिरिजा आली. ती सकाळी आली, भर गर्दीत, सासूच्या मागून. हुपरीचं घर, घरातच पैंजणांचं काम. सासूला सगळे आव्वा म्हणत. लग्नाला पाच वर्षं झाली होती. आव्वांनी गिरिजाला माझ्यासमोर खुर्चीत बसवलं आणि सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हिच्यात काय खोट हाय ती हुडका बाई. जेवढं रगात पायजे तेवढं घ्या."

मी घेतलं. त्या वर्षात तीनदा घेतलं. प्रत्येक रिपोर्ट चांगला. तिसऱ्या वेळी गिरिजा एकटीच आली होती. चांदीच्या कड्या जोडून तिच्या बोटांची टोकं काळवंडलेली असायची, ती पदराखाली धरून बसायची. मी विचारलं, "मालकांचं तपासलं का कधी?"

"त्यास्नी कोण इचारनार?" ती म्हणाली. "मिशी बघितलासा न्हाय तुमी त्यांची."

"मिशीचा आणि याचा काही संबंध नाही."

"त्ये आव्वास्नी येऊन सांगा." मग म्हणाली, "दिवाळीपातूर वाट बघायची ठरलंय. मग मला नेसरीला धाडणार, माझ्या आप्पाकडं. आनि त्यास्नी दुसरी करनार."

हे तिनं रडत सांगितलं नाही. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मी तिला म्हणाले, नवऱ्याला पाठव, सहानंतर पाठव, कुणी बघणार नाही.

आठवड्याभरानं बसवराज आला. बत्तीस-तेहतीस वर्षांचा, तालमीत वाढलेला, आणि मिशी खरोखरच बघण्यासारखी. पहाटे पाचपासून भट्टीपुढे बसून, जेवून, बसनं धक्के खात आला होता. खुर्चीत बसल्यावर म्हणाला, "ताई, ही गोष्ट हितंच ऱ्हाऊ द्या."

वीर्याची तपासणी आमच्याकडेच व्हायची. सूक्ष्मदर्शकाखाली मी स्वतः पाहिलं. शुक्रजंतू जरा कमी होते, पण होते, आणि चांगले हलत होते. अशा माणसाला मूल होऊ शकतं. उशीर लागतो इतकंच. रक्त थर्मासात बसलं, फॉर्मवर नऊ वाजले आणि चार दिवसांनी रिपोर्ट आला. टेस्टोस्टेरॉन नॉर्मलच्या रेघेच्या जरासं खाली.

तो रिपोर्ट घेऊन बसवराज परस्पर शहरातल्या एका डॉक्टरांकडे गेला. त्यांनी दर पंधरा दिवसांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू केलं. कुणालाही पटेल असा उपाय. आमटीत मीठ कमी, तर वरून मीठ घाला. पण शरीराचा कारभार निराळा. मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी असते, तिच्या हुकुमावर खालचा कारखाना चालतो. त्या कारखान्यात दोन माल निघतात, टेस्टोस्टेरॉन आणि शुक्रजंतू. बाहेरून आयता माल येऊ लागला की वरचं ऑफिस म्हणतं, भरपूर आहे, कारखान्याला टाळं लावा. मग दोन्ही कामं बंद पडतात. माणूस बाहेरून वाघ दिसतो, आतली भट्टी विझलेली असते.

हे मला माहीत होतं. तो इंजेक्शनं घेतोय हे मात्र माहीत नव्हतं.

वर्ष उलटल्यावर तो पुन्हा जिन्यात उभा. दिवाळी होऊन गेली होती. गिरिजा नेसरीला पोचली होती. पण गडी खुशीत. खांदे भरलेले, रंग तांबूस. म्हणाला, "लई झ्याक वाटतंय ताई. परत बैठका मारतोय. आता एकदा बघून सांगा, म्हंजे आव्वाला थांब म्हणतो. तिनं पोरगी बघितलीया."

मी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. काहीच नव्हतं. दुसरी काच घेतली, मग तिसरी. त्याला विचारलं, "औषध काय चालू आहे?" त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. तीवर लिहिलं होतं, टेस्टोस्टेरॉन, दर पंधरा दिवसांनी. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "हे कुणी सांगितलं घ्यायला?"

"तुमच्याच रिपोर्टावर की," तो म्हणाला. "तुमीच न्हाय का काढलेलं रगात?"

तो गेल्यावर मी कपाटातून जुनी फॉर्मची बुकं काढली. त्याच्या फॉर्मची कार्बन प्रत सापडली. निळ्या अक्षरात, माझ्या वळणदार हस्ताक्षरात, सकाळी नऊ. शाळेत या अक्षरासाठी मला बक्षीस मिळालं होतं. मी ते बुक मांडीवर घेऊन बाकड्यावर बसले. बाळू दोनदा येऊन विचारून गेला, बाई, जायचं न्हाय का.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "असे किती?"

"मोजले नाहीत."

"मोजा," ते म्हणाले.

मोजले. शोधायलाही बसलो. पण वरातीमागून घोडं. ज्यांना लाज वाटते म्हणून मी ही सोय केली होती, त्यांनी लाजेपोटीच नावं खोटी दिली होती. निम्मे नुसते 'पाटील' होते. कोल्हापुरात पाटील शोधायला निघणाऱ्यानं आधी आपलं डोकं तपासून घ्यावं. काही भेटले, त्यांचं रक्त पुन्हा सकाळी घेतलं आणि पुष्कळांचं ठीक आलं. बाकीच्यांचं काय झालं, कुणाला विनाकारण सुया टोचल्या गेल्या, कुणाच्या घरी काय घडलं, मला कधीच कळणार नाही. त्याचं दुःख अजून आहे.

बसवराजला मात्र मी बोलावून सांगितलं. सकाळी, डॉक्टरांच्या खोलीत, दार लावून. "त्या दिवशी वेळ मी खोटी लिहिली. संध्याकाळी अंगात हे रसायन कमीच असतं, त्यात तुम्ही दिवसभर राबून आलेले. सकाळी घेतलं असतं तर बहुतेक बरोबर आलं असतं. आणि आता जंतू गेलेत ते त्या इंजेक्शनांनी गेलेत."

 मी शिव्या खायच्या तयारीनं उभी होते. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "म्हंजे तवा मी बरा हुतो?"

"बहुतेक."

"आनि गिरिजा?"

"ती पहिल्यापासूनच बरी होती. तीनदा तपासलंय मी तिला."

"त्ये म्हाईत हुतं मला," तो म्हणाला. "पयल्या रिपोर्टापासनं म्हाईत हुतं."

मग तुम्ही बोलला का नाहीत, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मी कोणत्या तोंडानं विचारणार? मी पण इतकी वर्षं एका रकान्यात खोटं लिहीतच होते.

आमच्या डॉक्टरांनी त्याला मिरजेला एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, इंजेक्शनं बंद. कारखाना आपोआप सुरू होईल, सहा महिने लागतील, कदाचित वर्ष. तोवर त्रास होईल. आणि झाला. बाहेरचा माल थांबला आणि आतला अजून झोपलेला, म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं. बैठका बंद पडल्या. गडी जिना चढून आला की धापा टाकायचा. झोप नाही, कशात मन नाही. एकदा कॅलेंडरवरचा गुटगुटीत बाळाचा फोटो बघून त्याचे डोळे भरले आणि त्यानं ते सर्दीवर ढकललं.

एवढं होऊनही आव्वांना त्यानं काही सांगितलं नव्हतं. मी दर वेळी विचारायचे. "सांगतो की," म्हणायचा. "जरा बरं वाटू दे, मग सांगतो. असल्या आवाजात कसं सांगू?" तिकडे आव्वांनी नेसरीला निरोप धाडला होता, की फारकतीचा कागद करायला चार माणसं घेऊन येतो. नवी मुलगी ठरल्यातच जमा होती.

त्या बैठकीच्या आदल्या आठवड्यात तो रक्त द्यायला आला. आता सहानंतरचं दार बंद झालं होतं, आणि तपासणीही आम्ही इथंच करू लागलो होतो. तो सकाळी साडेआठला बाकड्यावर बसला. शेजारी हुपरीचाच एक दुकानदार होता. त्यानं विचारलंच, "काय रं बसू, काय झालंय?" बसवराज म्हणाला, "प्वार हुईना न्हवं, त्याचं रगात." दुकानदारानं पुढे काही विचारलं नाही. मी त्याचं नाव पुकारलं.

रिपोर्ट दुपारी तयार झाला. चालत्याबोलत्या धडधाकट पुरुषाचा इतका कमी आकडा मी तोवर पाहिला नव्हता.

पुढचं मला गिरिजानं सांगितलं. रिपोर्ट न्यायला तीच आली, दहा-बारा दिवसांनी. पुढच्या मुलाबाळाचं सगळे विचारतात म्हणून इथंच सांगून टाकते. त्यांना मुलगी झाली, त्यानंतर पावणेदोन वर्षांनी. पण त्या दिवशी हे कुणालाच माहीत नव्हतं. ती खुर्चीत बसली. बोटं पुन्हा काळी झाली होती, आणि ती पदराखाली नव्हती.

ती सांगत होती, "आप्पांच्या घरच्या सोप्यात सगळी बसलेली. दोन्हीकडची चार-चार माणसं, मधी कागद. आव्वा बोलाय लागल्या तवर ह्ये उठलं. म्हणलं, तिच्यात काय न्हाय. माझ्यात हाय. सुया मी घेतल्या आनि गप बसलो मी. कागद करायचा का न्हाय त्ये तिला इचारा. मला ठिवून घेती का बघा."

"आणि आव्वा?"

"आव्वा म्हणल्या, गप बस, ह्येला ताप आलाय. तर ह्येंनी आव्वांचा हात धरून आपल्या कपाळावर ठिवला. म्हणलं, बघ, हाय का ताप? आनि रडाय लागलं. समद्यांम्होरं, ताई. आमचं आप्पा बी रडलं. आप्पास्नी मी जन्मात रडताना बघितलं न्हवतं."

 तालमीतला बसवराज, इंजेक्शनवरचा बसवराज, तांबूस गालांचा, भरल्या खांद्यांचा, यांच्यातल्या एकालाही हे जमलं नव्हतं. मी आपली रिपोर्टचं पाकीट शोधायच्या निमित्तानं कपाटाकडे वळले, कारण मलाही सर्दी झाली होती.

गिरिजानं पाकीट हातात घेतलं, उघडलं, आकड्यांवरून बोट फिरवलं. "किती आलंय?"

"कमी आलंय," मी म्हणाले. "फारच कमी. ज्या दिवशी ते तुमच्या सोप्यात उभे राहिले ना, त्याच्या आदल्याच आठवड्यातलं आहे हे."

 मग तिनं विचारलं, "मग ताई, ह्ये असंच ठिवता येतंय काय?"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. मी तिला समजावून सांगितलं, की असं ठेवून चालायचं नाही. हाडं ठिसूळ होतील, अंगात त्राण राहायचं नाही, आणि मूल तर नाहीच नाही. ते वाढायलाच हवं, आणि हळूहळू वाढेल आपोआप.

तिनं पाकिटाची नीट घडी केली, पिशवीत ठेवली आणि उठली. दारापाशी जाऊन म्हणाली, "वाढू दे मग. पर सावकास वाढू दे."